दबून बसलेला थवा : हेमिंग्वेच्या ‘अ डेज वेट’मधलं शिकारीचं पान

अर्नेस्ट हेमिंग्वेची ‘अ डेज वेट’ ही कथा फोनवर वाचायला घेतली तर चहा निवायच्या आत संपते. १९३३ साली ‘विनर टेक नथिंग’ या संग्रहात ती आली आणि पुढे अनेक देशांतल्या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. पाठ्यपुस्तकात गेलेल्या कथेचं जे होतं तेच हिचंही झालं. तिचं एका वाक्यात सांगण्याजोगं तात्पर्य तयार झालं: फॅरनहाइट आणि सेल्सियस यांच्यात गोंधळ झाला, म्हणून एक मुलगा दिवसभर मरणाची वाट पाहत पडून राहिला. त्याखाली प्रश्न: मुलाच्या स्वभावातले दोन गुण सांगा.

या तात्पर्यात न बसणारा एक तुकडा कथेच्या मधोमध आहे. आजारी मुलाला औषध देऊन वडील बाहेर पडतात. बरोबर कुत्रा, हातात बंदूक. सगळीकडे बर्फ. ते लाव्यांची शिकार करतात आणि परत येतात. बस. बऱ्याच वाचकांना हा तुकडा एक तर भरताड वाटतो, नाही तर वडिलांच्या बेफिकिरीचा पुरावा. माझं म्हणणं असं, की ही कथा खरं तर त्या पानावरच घडते. आजाऱ्याच्या खोलीत जे कुणाला दिसत नाही, ते बाहेर बर्फावर डोळ्यांसमोर होत असतं.

आधी गोष्ट थोडक्यात. नऊ वर्षांचा मुलगा, लाडाचं नाव शॅट्झ. हिवाळ्यातल्या एका सकाळी तो तापाने फणफणलेला असतो. डॉक्टर येतात, ताप मोजतात: एकशे दोन. फ्लूची साधी साथ आहे, ताप एकशे चारच्या वर गेला नाही तर काळजी नाही, असं सांगून तीन प्रकारच्या कॅप्सूल देऊन जातात. वडील कॅप्सूलच्या वेळा लिहून ठेवतात, मुलाला चाच्यांच्या गोष्टी वाचून दाखवतात. मुलाचं लक्ष नसतं. तो पलंगाच्या पायथ्याकडे टक लावून बघत असतो. त्रास होणार असेल तर तुम्ही इथे थांबायला हवं असं नाही, असं तो वडिलांना सुचवतो. वडिलांना वाटतं, तापात बरळतोय थोडासा. अकराच्या कॅप्सूल देऊन ते बाहेर जातात. परत येतात तर मुलगा तसाच, त्याच ठिकाणी बघत. कुणालाही त्याने खोलीत येऊ दिलेलं नसतं, आपला आजार त्यांना लागू नये म्हणून. मग संध्याकाळकडे तो विचारतो, मी साधारण किती वाजता मरेन? फ्रान्समधल्या शाळेत मुलांनी त्याला सांगितलेलं असतं की चव्वेचाळीस अंश तापात माणूस जगत नाही. आणि आपल्याला तर एकशे दोन!

०००

आता ते मधलं पान. त्यासाठी आधी ‘बर्फ’ या शब्दाचं बघायला हवं. आभाळातून भुरभुरणारं हिम आणि फ्रीजमधला खडा, या दोन्हींना आपण बोलताना बर्फच म्हणतो. त्यामुळे ‘बर्फातली शिकार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मनालीचं मऊ पांढरं शेत येतं, पायांचे ठसे उमटतात. हेमिंग्वेच्या कथेत तसं काहीच नाही. तिथे पाऊस आणि हिम यांच्या मधलं काहीतरी पडून गोठलेलं आहे. झाडं, झुडपं, तोडलेल्या फांद्यांचे ढीग, गवत, उघडी जमीन, सगळ्यावर काचेसारखा थर. जणू कुणी जगाला व्हार्निश मारून ठेवलंय. वर लख्ख ऊन. यात ठसे उमटत नाहीत. पाऊल रुतत नाही, फक्त घसरतं.

हा प्रदेश कुठला, ते कथा सांगत नाही. पण हेमिंग्वेची दुसरी बायको पॉलिन फायफर हिच्या माहेरचं घर आर्कान्सा राज्यातल्या पिगॉट गावी होतं आणि तिथे तो लाव्यांच्या शिकारीला जायचा. अमेरिकेच्या त्या भागात लावा म्हणजे बॉबव्हाइट: आपल्या लाव्याच्या जातकुळीतला वाटावा असा, पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा, तपकिरी, गोल पक्षी. हिवाळ्यात हे पक्षी दहा-पंधरांच्या थव्याने राहतात. रात्री जमिनीवर कोंडाळं करून बसतात, शेपट्या आत, डोकी बाहेर. त्यामुळे एकमेकांची ऊब मिळते आणि चारी दिशांना लक्षही राहतं. धोका आला की ते लगेच उडत नाहीत. आधी दबून बसतात. अंगाचा रंग पाचोळ्यात मिसळलेला असतो, त्यावर त्यांचा भरवसा. पाय अगदी अंगावर पडणार असं झालं की मग भर्रकन, एकदम, सगळ्या दिशांना.

म्हणून तर या शिकारीत कुत्रा लागतो. चार पावलांवर दबलेला लावा माणसाला दिसत नाही. कुत्र्याला त्याचा वास येतो. सेटर जातीचा कुत्रा वास लागला की थबकतो किंवा अंग खाली घेतो. या दबण्यावरूनच त्याला सेटर हे नाव पडलं. छर्ऱ्याच्या बंदुका रुळण्याआधी अशा कुत्र्यापुढे दबलेल्या पक्ष्यांवर माणसं जाळं ओढायची. थोडक्यात, माणसाला जे समोर असून कळत नाही ते कळून घेण्यासाठी त्याने शेकडो वर्षं खपून घडवलेलं जनावर म्हणजे हा कुत्रा.

हेमिंग्वेच्या कथेतला लाल आयरिश सेटर अजून लहान आहे आणि त्या दिवशी त्याचं काही चालत नाही. गोठलेल्या ओढ्याच्या कडेने जाताना तो घसरतो, धडपडतो. वडीलही दोनदा सपशेल आपटतात. एकदा तर बंदूक हातातून सुटते आणि बर्फावरून लांब घरंगळत जाते. मग एका उंच मातीच्या दरडीखाली थवा उठतो. दरडीवरून दिसेनासे होता होता दोन पक्षी टिपले जातात. उरलेल्यांतले काही झाडांवर बसतात, बाकीचे फांद्यांच्या ढिगांमध्ये शिरतात. तिथे इतके दबून बसतात, की त्यांना उठवायला वडिलांना त्या बर्फाळलेल्या, स्प्रिंगसारख्या दबणाऱ्या ढिगांवर चढून पुनःपुन्हा उड्या माराव्या लागतात. तोल जात असतानाच पक्षी सुटतो. आणखी दोन पडतात, पाच हुकतात. घराच्या इतक्या जवळ थवा सापडला आणि पुढच्या दिवसासाठी इतके पक्षी शिल्लक आहेत, या आनंदात ते घरी येतात.

०००

या वर्णनात एकही उपमा मुलाकडे बोट दाखवत नाही. घरात मुलगा तळमळत असेल का, असा एक विचारही वडिलांच्या मनात आलेला दाखवलेला नाही. १९३२च्या ‘डेथ इन द आफ्टरनून’मध्ये हेमिंग्वेने स्वतःच मांडलेली हिमनगाची कल्पना आपल्याला माहीत असते: आठातला एकच भाग पाण्यावर. पण ‘हिमनग’ म्हणून मान डोलवली की काम संपत नाही. पाण्याखाली नेमकं काय आहे?

माझं उत्तर एका क्रियापदात आहे. दबून बसलेल्या पक्ष्याबद्दल इंग्रजीत शिकारी म्हणतात, तो ‘होल्ड’ करतोय. घट्ट दबला असेल तर ‘होल्डिंग टाइट’. हे त्या धंद्यातलं रोजचं बोलणं, आणि हेमिंग्वे त्यात मुरलेला होता. वडील परत येऊन मुलाला बघतात, तेव्हा त्याने कशाने तरी स्वतःला घट्ट आवरून धरलंय हे सांगायला निवेदक हेच क्रियापद वापरतो. बाहेर ढिगाखाली पक्षी जे करत होते तेच इथे गोधडीखाली मुलगा करतोय. हलायचं नाही, आवाज करायचा नाही, एका जागी नजर ठेवायची.

मराठीत हे जास्तच नेमकं होतं. आपण म्हणतो, जीव मुठीत धरून. सशाबद्दल म्हणतो, पाखराबद्दल म्हणतो, दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाबद्दलही म्हणतो. इंग्रजी वाचकाला ‘होल्ड’चे दोन अर्थ जोडायला शिकारीची भाषा ठाऊक असावी लागते. आपल्याला ते आपसूक मिळतं.

एकदा हे दिसलं की शिकारीचं पान कथेत काय करतं ते उलगडतं. वडील चांगले शिकारी आहेत. कुठल्या ढिगात पक्षी असेल, कितीदा उडी मारली की तो उठेल, हे त्यांना कळतं. घसरत, आपटत का होईना, ते दबलेल्याला उठवू शकतात. पण घरात वरच्या मजल्यावर दबून बसलेला जीव त्यांना कळत नाही. त्याला उठवायला त्यांच्याकडे ना कुत्रा आहे ना उडी. शेवटी मुलगा आपला आपणच उठतो, मरणाची वेळ विचारून.

०००

इथे दोन रशियन कुत्री आठवतात. तुर्गेनेव्हच्या १८५२ सालच्या ‘शिकाऱ्याच्या नोंदी’मध्ये येर्मोलाय नावाचा भटका शिकारी आहे. त्याचा कुत्रा वालेत्का. येर्मोलाय त्याला कधीच खायला घालत नाही, कारण कुत्रा हा हुशार प्राणी, आपलं आपण बघेल, असा त्याचा हिशेब. हसू येतं, आणि त्याच हसण्यात रशियातले जमीनदार भूदासांकडे कसे बघत होते तेही कळतं. तुर्गेनेव्हकडे शिकार ही दार उघडण्याची युक्ती आहे. पक्ष्याच्या मागे गेलेला निवेदक कुणाच्या तरी झोपडीत, गिरणीत, दुःखात जाऊन पोचतो. हेमिंग्वेने हेच उलटं फिरवलंय. त्याचा निवेदक शिकारीला जातो आणि ज्याच्या दुःखात पोचायला हवं त्याच्यापासून लांब जातो.

दुसरी कुत्री तॉलस्तॉयची. ‘अॅना कॅरेनिना’च्या सहाव्या भागात लेविन दलदलीत पक्ष्यांच्या शिकारीला जातो, तेव्हा तॉलस्तॉय त्याच्या लास्का या कुत्रीच्या डोक्यातच शिरतो. पक्षी कुठे आहे ते तिला वासाने कळलंय, मालक मात्र भलतीकडे जायला सांगतोय. ती मनातल्या मनात हे चूक आहे म्हणते, आणि मालकासाठी जाते. माहिती एकाकडे आणि हुकूम दुसऱ्याचा, हा पेच तॉलस्तॉय एका कुत्रीतून सांगतो आणि आपण तिच्या बाजूचे होतो.

हेमिंग्वे कुणाच्याच डोक्यात शिरत नाही. ना कुत्र्याच्या, ना मुलाच्या. आणि वडिलांच्या डोक्यात असूनही तिथे काही दाखवत नाही. ही त्याची ताकद आहे, पण एक तक्रारही करायला हवी. तो लाल कुत्रा बर्फावर घसरतो आणि मग कथेतून नाहीसा होतो. थवा उठताना निवेदक ‘आम्ही’ म्हणतो, पक्षी पाडताना ‘मी’. घरी येताना कुत्रा बरोबर आहे की नाही, तेही कळत नाही. शब्द वाचवण्याच्या सवयीत हेमिंग्वेने इथे एक जीव वाचवलाच नाही. तॉलस्तॉयने हे होऊ दिलं नसतं.

०००

आता आकड्यांकडे येऊ. ही कथा आकड्यांनी भरलेली आहे. एकशे दोन, एकशे चार, चव्वेचाळीस, सदतीस, अठ्ठ्याण्णव. अकरा वाजता. दोन पडले, पाच हुकले. मुलाला आकडा नेमका हवा असतो. दुपारी पुन्हा ताप मोजल्यावर वडील त्याला ‘शंभरच्या आसपास’ असं मोघम सांगतात. खरा आकडा असतो एकशे दोन पूर्णांक चार दशांश. दिलासा म्हणून केलेली ही गोलाई मुलाला पटत नाही, तो लगेच एकशे दोन म्हणून दुरुस्ती करतो. मोठी माणसं आकडा लपवताहेत म्हणजे आकडा वाईट असणार. ज्यांच्या घरात मोठं आजारपण होऊन गेलंय, त्यांना हा तर्क समजावून सांगावा लागत नाही.

मराठी वाचकाला या गोंधळाची एक जास्तीची गंमत आहे. आपण ताप फॅरनहाइटमध्ये मोजतो आणि ऊन सेल्सियसमध्ये. ‘पोराला एकशे दोन ताप आहे’ आणि ‘नागपूरचा पारा चव्वेचाळीसवर’ ही दोन्ही वाक्यं एकाच घरात, एकाच दिवशी, एकच माणूस बोलतो. उंची फुटांत, रस्ता किलोमीटरमध्ये. शॅट्झला जी दोन मापं देशांच्या सरहद्दीवर भेटली ती आपल्या जिभेवर शेजारी शेजारी राहतात. म्हणून कथेचं ‘गैरसमज’ हे तात्पर्य आपल्याला लगेच पटतं, आणि तिथेच आपण थांबतो.

पण गैरसमज हा कथेतला फक्त खटका आहे. तो दाबल्यावर जे होतं ती कथा. एका मुलाला, आपण आज मरणार, असं दिवसभर खात्रीने माहीत आहे, आणि त्या खात्रीचं त्याने काय केलं? तो रडला नाही. कुणाला बोलावलं नाही. उलट वडिलांना जायची मोकळीक दिली. इथे हेमिंग्वेने काळाचा एक बारीक खेळ केलाय. मुलगा विचारतो ते पुढे होणाऱ्या त्रासाबद्दल, वडील उत्तर देतात ते आत्ताच्या त्रासाबद्दल. मुलगा दुरुस्त करून पुन्हा सांगतो, तरी वडिलांच्या ध्यानात येत नाही. वडिलांकडे उद्या आहे, उरलेले लावे आहेत. मुलाकडे फक्त आज आहे.

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये आपल्यापैकी किती जणांनी हे अगदी जवळून बघितलंय. दाराबाहेर ठेवलेलं ताट. बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर. ९४च्या खाली गेलं की काय करायचं ते प्रत्येकाला पाठ. आतून येणारं ‘तू आत येऊ नकोस’. आणि फोनवर घरच्यांना सांगितलेला, एक-दोनने वाढवलेला आकडा. शॅट्झने दार लावून घेतलं त्याला शौर्य म्हणावं की एकटेपणा, हा प्रश्न परीक्षेच्या पेपरातून उठून आपल्या घरात येऊन बसला होता. मला विचाराल तर दोन्ही. आणि त्यातलं एकटेपण वाढवण्यात त्या शौर्याचाही हात होता. हेमिंग्वेचं कौतुक करणारे सहसा शौर्यावर थांबतात. कथा तिथे थांबत नाही.

०००

मग वडिलांचं काय? आजारी मुलाला सोडून शिकारीला गेलेला बाप, असा निकाल देणं सोपं आहे. आजकाल तर एका स्क्रीनशॉटवर होईल. पण कथेतले वडील निष्काळजी नाहीत. औषधाच्या वेळा त्यांनी लिहून ठेवल्यात, पलंगाजवळ बसून पुढच्या कॅप्सूलची वाट तेही बघत होते. कथेचं नाव दोघांनाही लागू आहे. डॉक्टरांनी घाबरायचं कारण नाही म्हटल्यावर तासाभरासाठी मोकळ्या हवेत जाणं हा गुन्हा नाही. हेमिंग्वे त्यांना शिक्षा करतही नाही. तो फक्त त्यांचा आनंद तसाच ठेवतो, न पुसता. ज्या क्षणी मुलगा स्वतःचं मरण मोजतोय त्या क्षणी बाप खरोखर, मनापासून खूश आहे. दोन्ही खरं आहे आणि दोघांचंही चुकलेलं नाही. हीच या कथेतली न सुटणारी गोष्ट आहे. मापांचा घोळ शेवटी मैल आणि किलोमीटरचं उदाहरण देऊन दोन मिनिटांत सुटतो. तो थोडा जास्तच नीटनेटका सुटतो, असंही मला वाटतं. बाप आणि मुलगा यांच्यातली ती तासा-दोन तासांची दरी मात्र तशीच राहते.

आपल्याकडच्या शिकारकथांची सवय असेल तर हे पान अंगावर येत नाही. मराठीत शिकार म्हणजे मचाण, हाकारे, बिबट्या. जिवावरचा प्रसंग हवा. तितर-लाव्यांच्या मागे जाणं ही मराठी वाचकाच्या लेखी पोटापाण्याची किरकोळ गोष्ट, फासेपारध्यांच्या फाशांत अडकलेली. व्यंकटेश माडगूळकर स्वतः शिकार करणारे आणि चित्रं काढणारे लेखक. पक्षी, पाणी, गवत कसं बघावं हे मराठी गद्याला शिकवणाऱ्यांत ते पुढे आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती बंदूक खाली ठेवली गेली, आणि ते बरंच झालं. पण बंदुकीबरोबर बघण्याची एक शिस्तही होती: ढिगात काय दबलंय याचा अंदाज, न हलणाऱ्यावर नजर. हेमिंग्वेच्या पानात ती शिस्त आहे. आणि ती शिस्त असलेला माणूसही घरात आंधळा असू शकतो, हेही आहे.

शिकार झाल्यावर विखुरलेले बॉबव्हाइट संध्याकाळी एकमेकांना साद घालतात. झुडपाझुडपांतून आवाज येतात आणि अंधार पडेपर्यंत उरलेला थवा पुन्हा एकत्र येऊन कोंडाळं करतो. हेमिंग्वेने हे लिहिलेलं नाही. पण त्याच्यासारख्या शिकाऱ्याने ते कितीदा तरी ऐकलं असणार. मुलाची घट्ट धरलेली मूठ शेवटी हळूहळू सैल होते, आणि दुसऱ्या दिवशी तो अगदी फालतू गोष्टींवरून रडू लागतो. पाठ्यपुस्तकातला प्रश्न विचारतो, तो का रडतो? गैरसमज दूर झाला म्हणून, हे उत्तर मार्क मिळवून देईल. मला वाटतं, आता त्याला रडायला माणसं जवळ आहेत, म्हणून.